उसने अवसान की शहाणा व्यवहार? : अमेरिकी इंजिनांच्या युरोपीय सुपरकार

घाटवाटसरू (धागाकर्ता)

जुन्या गाड्यांच्या लिलावांचे निकाल वाचण्याची मला सवय आहे. घेण्याची ऐपत नसली तरी वाचायला पैसे पडत नाहीत. ते वाचताना एक गोष्ट बरीच वर्षे खटकत आली आहे. मिलानजवळच्या ब्रेसो येथील ‘ईसो’ या छोट्या कंपनीने १९६३ च्या तुरीन प्रदर्शनात ‘ग्रिफो’ ही गाडी मांडली. तिचे रूप ‘बर्तोने’ या गाड्यांची रूपे घडवणाऱ्या कंपनीकडे काम करणाऱ्या तरुण जुजारोचे होते, आणि यंत्ररचना जोत्तो बिझ्झारिनीची, म्हणजे ज्याने फेरारीच्या २५० जीटीओच्या घडणीत मोठा वाटा उचलला आणि १९६१ च्या प्रसिद्ध बंडाळीत फेरारी सोडली, त्याची होती. सुमारे दहा वर्षांत अशा चारशेच्या आसपास गाड्या बनल्या, त्यामुळे ती दुर्मीळही आहे. १९६५ च्या ल मान्सच्या शर्यतीत तिच्या शर्यतीच्या आवृत्तीने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. तरीही त्याच काळातील फेरारी २७५ जीटीबीच्या पंक्तीला तिला कोणी बसवत नाही. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘इंजिन शेव्हरले कॉर्व्हेटचे आहे हो.’

माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. अमेरिकी इंजिन घेणे ही या छोट्या कंपन्यांची लाचारी नव्हती. त्यांनी केलेल्या सगळ्या व्यवहारांत तोच सर्वांत शहाणा होता, आणि त्या बुडाल्या त्या इतर कारणांनी. याचा सर्वांत बोलका पुरावा फ्रान्समधला आहे. झाँ दानिनोस यांच्या ‘फासेल’ या कंपनीने १९५४ मध्ये ‘फासेल व्हेगा’ आणली आणि तिच्यात क्रायस्लर या अमेरिकी घराण्याचे व्ही८ (‘व्ही’ आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) इंजिन बसवले. एचके ५०० आणि नंतरची फासेल २ या गाड्या सिनेनट आणि उद्योगपती अभिमानाने वापरत असत. (आल्बेर काम्यू यांचा ४ जानेवारी १९६० रोजी ज्या गाडीत अपघाती मृत्यू झाला ती गाडीही फासेल व्हेगाच होती.) मग फ्रेंच गाडीला फ्रेंच इंजिन हवे या हौसेने कंपनीने १९५९ मध्ये ‘फासेलिया’ ही छोटी गाडी काढली आणि तिच्यासाठी पाँत-आ-मूसाँ या फ्रेंच कारखान्याकडून १.६ लिटरचे नवे इंजिन तयार करून घेतले. ते इंजिन पिस्टन जाळू लागले, हमीपोटी दुरुस्त्या करता करता तिजोरी रिकामी झाली, आणि नंतर त्याच गाडीत व्होल्वोचे इंजिन बसवूनही १९६४ मध्ये कंपनीला टाळे लागले. उसने इंजिन होते तोवर घर चालले, आणि स्वतःची चूल मांडली तीच अंगावर आली.

जाणकारांनी खोडून काढावे, अशी विनंती आहे.

डेट्रॉईटकर

खोडून काढण्याऐवजी मी तुमच्या बाजूने थोडे तांत्रिक इंधन घालतो. गेली अनेक वर्षे माझे पोट इंजिनांवरच चालते, म्हणून हे लिहिण्याचा धीर करतो आहे.

सांगाडा आणि बाह्यांग हाताने बनवता येतात. नळ्या जोडून सांगाडा उभा करणारे आणि लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून आकार देणारे कारागीर तुरीन, मोडेना आणि इंग्लंडच्या मिडलँड्स भागात हवे तेवढे होते. इंजिनाचे तसे नाही. ओतकामाचे साचे, क्रँकशाफ्टचे घडाईकाम, शेकडो तास पूर्ण वेगाने चालवून केलेल्या चाचण्या, या सगळ्याचा खर्च गाड्या शंभर विकल्या काय किंवा एक लाख विकल्या काय, जवळजवळ तेवढाच येतो. वर्षाला चाळीस गाड्या बनवणाऱ्याने तो खर्च चाळिसांत वाटायचा की तीन लाखांत वाटून झालेले इंजिन पेटीबंद विकत घ्यायचे, याचे गणित शाळकरी मुलगाही सोडवेल.

दुसरे असे की हे इंजिन अडाणी होते हा समज चुकीचा आहे. १९५५ चे शेव्हरलेचे छोटे व्ही८ आणि त्यानंतर आलेले फोर्डचे पातळ भिंतींच्या ओतकामाचे २६० आणि २८९ घनइंचांचे व्ही८ ही बिडाची इंजिने असूनही त्यांच्या क्षमतेच्या मानाने हलकी आणि आटोपशीर होती. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकच्या पोटात असल्यामुळे इंजिनाचे डोके लहान राहते आणि बोनेट खाली उतरवता येते. प्रत्येक बाजूला दोन-दोन कॅमशाफ्ट डोक्यावर घेतलेले व्ही८ त्याच्या शेजारी ठेवले तर ते रुंदीला बरेच मोठे दिसते. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेले जनरल मोटर्सचे एलएस मालिकेतले ॲल्युमिनियमचे इंजिन आज इंग्लंडमधील अल्टिमासारख्या गाड्यांत दिसते, त्यामागे हीच गोष्ट आहे. शिवाय बहुतेक अमेरिकी इंजिनांत तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट असल्यामुळे टॅपेट सेट करण्याची कटकट नव्हती. त्या काळच्या इटालियन व्ही१२ मध्ये व्हॉल्व्हच्या फटी जुळवणे आणि तीन किंवा सहा वेबर कार्ब्युरेटर एका सुरात आणणे हे काम चांगल्या कानाच्या मिस्त्रीलाच जमत असे. कॉर्व्हेटचे इंजिन नेब्रास्कातल्या कोणत्याही गावात दुरुस्त होत असे, आणि या गाड्यांचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेतच होते.

स्पष्टवक्ता

दोघांचेही लिखाण अभ्यासपूर्ण आहे, पण बाजाराचा मुद्दा बाजूलाच राहिला. मालकाच्या सोयीचे आणि गिऱ्हाइकाच्या मनातले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुपरकार घेणारा मनुष्य टॅपेटची कटकट वाचवण्यासाठी ती घेत नाही. जे इतरांकडे नाही ते आपल्याकडे असावे, यासाठी तो पैसे मोजतो. दे तोमासो पँतेरा या इटालियन गाडीच्या पाठीत फोर्डचे जे ३५१ क्लीव्हलँड इंजिन होते तेच फोर्डच्या मस्टँग आणि टोरिनोतही होते. शेजारच्या सिग्नलला उभ्या असलेल्या कौटुंबिक फोर्डमधून तोच आवाज येत असेल, तर त्या मनुष्याने जास्तीचे पैसे कशाचे मोजले? गाडीचे रूप हा देह असेल तर इंजिन हा तिचा गळा आहे, आणि गायकाचा गळा कोणी उसना घेत नाही. लिलावातले भाव हा पूर्वग्रह नाही. तो गिऱ्हाइकाने केलेला हिशेब आहे.

घाटवाटसरू

गळ्याची उपमा आवडली, पण ती पुरती टिकत नाही. मॅक्लारेन एफ१ चे व्ही१२ बीएमडब्ल्यूचे आहे आणि पगानीचे व्ही१२ मर्सिडीज-एएमजीचे आहे. त्या गाड्यांना कोणी उसन्या गळ्याच्या म्हणत नाही. तेथे ‘सहकार्य’ हा प्रतिष्ठित शब्द वापरला जातो. म्हणजे इंजिन दुसऱ्याचे असण्याला कोणाची हरकत नाही, ते डेट्रॉईटचे असण्याला आहे.

आणि तीही सर्वत्र नाही. इंग्लंडमधील एसी कंपनीच्या ‘एस’ या गाडीला लागणारे ब्रिस्टलचे जुने सहा सिलिंडरचे इंजिन बंद होत आले, तेव्हा अमेरिकी शर्यतपटू कॅरल शेल्बीने १९६१ मध्ये एसीला पत्र लिहिले. शेव्हरलेने त्याला नकार दिला, फोर्डने होकार दिला, आणि १९६२ मध्ये ‘कोब्रा’ जन्माला आली. थेम्स डिटनहून इंजिनाविना निघालेले सांगाडे कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर त्यांत फोर्डचे व्ही८ बसत असे. याच कोब्राच्या डेटोना कूपे या बंद छपराच्या आवृत्तीने १९६५ चे जीटी गाड्यांचे जागतिक अजिंक्यपद फेरारीच्या हातून घेतले. पहिली कोब्रा, सीएसएक्स २०००, ऑगस्ट २०१६ मध्ये मॉन्टेरे येथील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. इंग्रजी सांगाडा आणि अमेरिकी इंजिन असूनही भाव कोटींच्या घरात जातो, तेव्हा गिऱ्हाईक कशाला पैसे मोजते हे पुन्हा तपासावे लागेल. मला वाटते की ते शर्यतीतल्या जयाला मोजते. ग्रिफोला ल मान्समध्ये वर्गातला विजय मिळाला, पण एन्झो फेरारीला हरवल्याची गोष्ट तिच्या वाट्याला आली नाही.

मुग्धा_कॉव्हेन्ट्री

मी जेथे राहते तेथून वेस्ट ब्रॉमविच फार दूर नाही. जेन्सनच्या गाड्या तेथे बनत असत. या भागात उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचे मेळे भरतात आणि त्यांत जेन्सन इंटरसेप्टर हमखास दिसते, म्हणून थोडी भर घालते.

इंटरसेप्टर १९६६ पासून १९७६ पर्यंत बनत होती. रूप मिलानच्या तूरिंगचे, सुरुवातीची बाह्यांगे तुरीनच्या व्हिन्याले यांनी बनवलेली, आणि इंजिन क्रायस्लरचे, आधी ६.३ आणि नंतर ७.२ लिटरचे. तिच्या जोडीने आलेली ‘एफएफ’ ही गाडी तर काळाच्या फारच पुढे होती : चारही चाकांना शक्ती, आणि विमानांसाठी विकसित केलेली डनलॉपची मॅक्सारेट ही ब्रेक जाम होऊ न देणारी यंत्रणा. १९६६ मध्ये हे ऐकून लोकांचा विश्वास बसला नसेल. पण चारही चाकांना शक्ती देणारी ती रचना अशी बेतली होती की स्टिअरिंग डावीकडे नेणे शक्य नव्हते. ज्या देशाचे इंजिन तिच्यात होते त्या देशातच ती विकता आली नाही, आणि एकूण ३२० गाड्यांवर तिचा कारभार आटोपला. यात दोष इंजिनाचा नव्हता.

घाटवाटसरू यांच्या फासेलियासारखेच उदाहरण जेन्सनकडेही आहे. १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे गाडीविक्रेते शेल क्वेल यांनी जेन्सनची मालकी घेतली आणि १९७२ मध्ये जेन्सन-हीली ही लहान गाडी आणली. तिच्यात लोटसचे अगदी नवे, पुरते न तपासलेले दोन लिटरचे इंजिन होते. सुरुवातीच्या गाड्यांनी तेल गाळून आणि बंद पडून मालकांना इतके छळले की कंपनीच्या नावाला बट्टा लागला. क्रायस्लरच्या व्ही८ विषयी अशी तक्रार मी कोणत्याही मालकाकडून ऐकलेली नाही. लिटरमागे चार-पाच किलोमीटर देते, एवढीच काय ती कुरकुर. १९७३ च्या तेलाच्या संकटानंतर ही कुरकुर मात्र जीवघेणी ठरली.

याच क्वेल घराण्याने पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस दे तोमासोने आखलेली आणि फोर्डचे ४.६ लिटर व्ही८ असलेली एक गाडी ‘क्वेल मांगुस्ता’ म्हणून बनवली. ती गुंडाळल्यावर तिचा सांगाडा एमजी रोव्हर या ब्रिटिश कंपनीने घेतला आणि त्यावर कार्बन फायबरचे अंग चढवून एमजी एक्सपॉवर एसव्ही काढली. शंभरही गाड्या झाल्या नाहीत, आणि एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हरच कोसळली. एकाच इंजिनाभोवती इतक्या कंपन्यांचे संसार मोडलेले पाहिले की त्या इंजिनालाच अपशकुनी म्हणावेसे वाटते, पण तेच इंजिन मस्टँगमध्ये सुखाने नांदत होते.

कुर्लाकर

थोडे अवांतर आहे, पण अगदीच नाही. आमच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली ११८ एनई ही याच जातकुळीची होती : अंग इटालियन फियाट १२४ चे आणि इंजिन जपानी निसानचे. सुपरकार म्हणून कोणी तिला मान दिला नाही, हे खरे. पण तिच्या मालकांना त्या उसन्या इंजिनाचा कधी संकोच वाटला नाही. उलट ‘निसानचे इंजिन आहे’ हे ते पहिल्या वाक्यात सांगत असत. तेव्हा उसने इंजिन कोणाचे, यावर मिरवणे की लपवणे ते ठरते, या मताशी मी सहमत आहे. ११८ एनईच्या गिअरबद्दल आणि पत्र्याबद्दल मी येथे मौन पाळतो.

डेट्रॉईटकर

आता दुसऱ्या बाजूनेही लिहितो, कारण धागा फारच एकमताचा होत चालला आहे.

या व्यवहाराचा खरा धोका इंजिनात नव्हता, पुरवठादारात होता. वर्षाला मोजकीच इंजिने घेणारे गिऱ्हाईक जनरल मोटर्सच्या हिशेबात धरलेही जात नाही. ईसोची पत घसरली तेव्हा जनरल मोटर्सने इंजिनांचे पैसे आगाऊ मागितले, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ईसोला फोर्डच्या ३५१ कडे वळावे लागले. (ज्या कंपनीला इंजिनांचे पैसे जड जात होते तिने त्याच सुमारास फ्रँक विल्यम्स यांच्या फॉर्म्युला वन संघाला स्वतःचे नाव दिले, याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे.) १९७४ मध्ये ईसो बुडाली.

सनबीम टायगरची कथा याहून करुण आहे. ही काही सुपरकार नव्हे, पण धडा तोच आहे. १९६४ मध्ये रूट्स या ब्रिटिश कंपनीने आपल्या छोट्या अल्पाइन गाडीत फोर्डचे २६० घनइंचांचे व्ही८ कोंबले आणि गाडी चांगली खपू लागली. मग रूट्सच क्रायस्लरच्या ताब्यात गेली. आपल्या गाडीत प्रतिस्पर्ध्याचे इंजिन क्रायस्लरला कसे चालावे? स्वतःचे व्ही८ बसवून पाहावे तर त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला असल्याने ते त्या जागेत बसेना. १९६७ मध्ये टायगर बंद झाली. गाडी, गिऱ्हाईक आणि कारखाना हे सगळे असताना केवळ मालक बदलल्यामुळे ती गेली.

आणि पँतेरा. दे तोमासोमध्ये फोर्डने स्वतःच पैसे घातले आणि १९७१ पासून पँतेरा आपल्याच लिंकन-मर्क्युरीच्या दालनांतून सुमारे दहा हजार डॉलरना विकायला ठेवली. ही किंमत त्या काळच्या इटालियन सुपरकारच्या मानाने फारच कमी होती. पण मऊ गाद्यांच्या लिंकन विकणाऱ्या दालनांना मधल्या भागात इंजिन असलेली, रहदारीत तापणारी आणि लवकर गंजणारी इटालियन गाडी झेपली नाही. इतके करूनही साडेपाच हजारांच्या आसपास गाड्या अमेरिकेत गेल्या, आणि तेलाचे संकट व नवे सुरक्षा नियम आल्यावर फोर्डने हात काढून घेतला. स्पष्टवक्ता यांच्या सिग्नलवरच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एवढेच सांगतो की साडेपाच हजार गिऱ्हाइकांना तो प्रश्न पडला नव्हता.

स्पष्टवक्ता

पडला नव्हता कारण किंमत दहा हजार होती. फेरारीच्या किमतीला पँतेरा ठेवली असती तर किती गेल्या असत्या?

माझ्या बाजूचे एक उदाहरण देतो. स्वीडनच्या कोनिगसेगने २००२ च्या सीसी८एसमध्ये फोर्डच्या ४.६ लिटर व्ही८ पासून सुरुवात केली, त्याला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबणारा पंप) लावून ६५५ अश्वशक्ती काढली आणि अशा जेमतेम सहा गाड्या बनवल्या. पुढच्या सीसीआरने २८ फेब्रुवारी २००५ रोजी इटलीतील नार्दोच्या वर्तुळाकार मार्गावर ताशी ३८७.८७ किलोमीटरचा वेग गाठून मॅक्लारेन एफ१ चा विक्रम मोडला. इतके यश पदरात असताना २००६ च्या सीसीएक्ससाठी कंपनीने स्वतःचे इंजिन केले. उसने इंजिन पुरेसे असते तर हा उपद्व्याप कशासाठी? ज्याला वरच्या पंगतीत बसायचे असते त्याला शेवटी स्वतःचे इंजिन करावेच लागते.

घाटवाटसरू

हे उदाहरण वजनदार आहे, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादातील एक वाक्य मला मागे घ्यावे लागेल. फासेलच्या कथेवरून ‘स्वतःचे इंजिन म्हणजे विनाश’ असा सूर मी लावला होता, तो अतिरेकी होता. पण कोनिगसेगच्या कथेचा क्रम पाहावा. त्यांनी आधी फोर्डच्या इंजिनावर गाडी उभी केली, गिऱ्हाईक मिळवले, विक्रम केला, चार वर्षे त्याच इंजिनाच्या आतड्यात हात घालून ते शिकले, आणि मग स्वतःचे केले. फासेलने मात्र नव्या छोट्या गाडीत, नव्या गिऱ्हाइकासाठी, नवे इंजिन एकदमच आणले. एकाने शिडीच्या पायऱ्या चढल्या, दुसऱ्याने गच्चीवर उडी मारली.

बाजारही दरम्यान बदलला आहे, असे मला वाटते. दे तोमासोचे नाव नव्या मालकांनी पुन्हा वर काढले आणि २०१९ मध्ये इंग्लंडमधील गुडवुडच्या गाड्यांच्या मेळ्यात पी७२ दाखवली : फक्त ७२ गाड्या, फोर्डच्या वंशातले सुपरचार्ज केलेले पाच लिटरचे व्ही८, आणि हाताने टाकायचे सहा गिअर. तेव्हा सांगितलेली किंमत साडेसात लाख युरोंच्या घरात होती, म्हणजे स्पष्टवक्ता यांनी विचारलेली ‘फेरारीची किंमत’ तिने केव्हाच ओलांडली. बॅटरी, मोटारी आणि आपोआप बदलणारे गिअर यांनी भरलेल्या आजच्या सुपरकारांपुढे ज्या इंजिनाला एके काळी गावठी म्हटले गेले, तेच आता साधे आणि हाताने चालवण्याजोगे म्हणून विकले जात आहे.

मुग्धा_कॉव्हेन्ट्री

धाग्यावरची चर्चा वाचून मी काल आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना मुद्दाम गाठले. त्यांच्याकडे १९७३ ची इंटरसेप्टर आहे. इंजिन अमेरिकी असल्याचे त्यांना काय वाटते, असे विचारताच त्यांनी मला गाडीभोवती फिरवले. दाराखालचा पत्रा दोन्ही बाजूंनी कापून नवा जोडून घेतला आहे, मागच्या चाकांच्या कमानी दुसऱ्यांदा कराव्या लागणार आहेत, मागच्या मोठ्या काचेचे रबर मिळवायला आठ महिने गेले, आणि वेल्डिंग करणाऱ्याने दिलेला खर्चाचा अंदाज त्यांनी पत्नीपासून लपवून ठेवला आहे. हे सगळे सांगता सांगता अर्धा तास गेला. मग त्यांनी किल्ली फिरवली, हिवाळाभर उभी असलेली गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि ते पुन्हा गंजाबद्दल बोलू लागले.